कॅराव्हॅन ट्रेलरचा फ्लोअर आणि त्याखालचा आधार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडीमागे ओढायचा, आत चारजणांना झोपता-बसता येईल असा ट्रेलर बांधून घ्यायचा विचार घेऊन कोल्हापूर परिसरातले जे लोक आमच्याकडे येतात, त्यांचा पहिला प्रश्न बहुधा "फ्लोअर किती वजन घेईल?" असा असतो. हा प्रश्न रास्त आहे, परंतु वजनाने फ्लोअर बसल्याची उदाहरणे आम्ही फार थोडी पाहिली आहेत आणि पाण्याने कुजल्याची बरीच. पुढील उत्तरे वाचताना हा आमचा कल लक्षात ठेवावा.

ट्रेलरचा फ्लोअर म्हणजे नेमके काय?

पायाखाली दिसणारे व्हिनाइल किंवा लॅमिनेट हा केवळ पृष्ठभाग असतो. त्याखाली प्लायवूडचे किंवा संमिश्र पॅनेलचे पाटे, त्याखाली ठरावीक अंतरावर आडव्या पट्ट्या, त्या पट्ट्यांना पेलणारे चॅसीचे दोन लांब दांडे आणि त्या दांड्यांखाली कमानपाटे (लीफ स्प्रिंग) व एक्सल अशी ही उतरंड आहे. आपण आत उभे राहिलो की आपले वजन याच क्रमाने चाकांपर्यंत जाते आणि त्याचा काही हिस्सा पुढे दांडीवाटे ओढणाऱ्या गाडीच्या हुकावर येतो. घराच्या फरशीत आणि या फ्लोअरमध्ये मोठा फरक असा की घराची फरशी जागची हलत नाही, तर ट्रेलरचा फ्लोअर प्रत्येक खड्ड्याला थोडा पिळला जातो. म्हणून त्याचा प्रत्येक सांधा ताकदीचा असून भागत नाही; हजारो वेळा हलूनही त्याने सैल होता कामा नये.

ऊस वाहतुकीच्या ट्रॉलीची चॅसी वापरून त्यावर कॅराव्हॅन उभारता येईल का?

आमच्याकडे हा प्रश्न येणारच, कारण उद्यमनगरापासून शिरोळीपर्यंत ट्रॉली बांधणारे उत्तम फॅब्रिकेटर आहेत आणि त्यांच्या हाताला लोखंडाचा अंदाज पक्का आहे. उत्तर मात्र "नको" असेच आहे. ट्रॉली ट्रॅक्टरमागे सावकाश चालते, तिच्यावर कित्येक टन ऊस लादला जातो आणि ती पावसात उघडीच राहते. तिच्या फ्लोअरवर लोखंडी चादर असते, पाणी पडले तरी ते वाहून जाते. कॅराव्हॅन महामार्गावर मोटारीच्या वेगाने धावते, तिच्यावरचा भार ट्रॉलीच्या मानाने नगण्य असतो आणि तिच्या भिंती, छप्पर व फ्लोअर मिळून एक बंद पेटी होते. ट्रॉलीची चॅसी वापरली तर ओढणाऱ्या गाडीच्या क्षमतेचा मोठा भाग निव्वळ लोखंडातच खर्च होतो आणि जाड कमानपाटे हलक्या भाराखाली दबतच नसल्याने प्रत्येक हादरा थेट प्लायवूडच्या स्क्रूंपर्यंत पोचतो. ट्रॉली बांधणाऱ्या मिस्त्रींचे कौशल्य जरूर घ्यावे; ट्रॉलीचा नकाशा मात्र तिथेच ठेवावा.

मुख्य दांड्यांसाठी चॅनेल घ्यावा की बॉक्स पाइप?

दोन्ही चालतात. चॅनेल म्हणजे एका बाजूने उघडा, इंग्रजी C सारखा दांडा; बॉक्स पाइप म्हणजे चौकोनी पोकळ नळी. चॅनेलला आतून-बाहेरून रंग देता येतो, गंज डोळ्यांना दिसतो आणि ब्रॅकेट जोडणे सोपे जाते. बॉक्स पाइप पिळाला जास्त दाद देत नाही, पण त्याच्या पोटात शिरलेले पाणी दिसत नाही. त्यामुळे पाइप वापरल्यास टोके पूर्ण बंद करावीत, नाहीतर खालच्या बाजूला निचऱ्याची छिद्रे तरी ठेवावीत. अर्धवट बंद टोक सर्वांत वाईट.

आकार ठरवताना जाडीपेक्षा उंचीकडे पाहावे. बाजारात मिळणारा ७५ मिमी उंचीचा चॅनेल मीटरला सुमारे ७ किलो भरतो आणि १०० मिमीचा सुमारे साडेनऊ किलो. म्हणजे वजन साधारण एकतृतीयांशाने वाढते, तर वाकण्याविरुद्धचा ताठपणा जवळजवळ अडीचपट होतो. दांडा कमी उंचीचा घेऊन त्यावर नंतर पट्ट्या वेल्ड करत बसण्यापेक्षा सुरुवातीलाच उंच चॅनेल घेणे स्वस्तही पडते आणि हलकेही.

वेल्डिंगबाबत एक सूचना आवर्जून करावीशी वाटते. मुख्य दांड्याच्या वरच्या किंवा खालच्या फ्लँजवर, म्हणजे त्याच्या सपाट आडव्या बाजूवर, आडवे वेल्डिंग करू नये, तसेच तिथे भोकेही पाडू नयेत. वाकण्याचा ताण सर्वांत जास्त तिथेच असतो आणि थकव्याची चीर (वारंवार वाकून पडणारी भेग) बहुधा वेल्डच्या टोकापासूनच सुरू होते. आडव्या पट्ट्यांचे ब्रॅकेट चॅनेलच्या उभ्या भिंतीवर, मध्यभागाजवळ जोडावेत.

आडव्या पट्ट्यांमध्ये किती अंतर ठेवावे?

आमचे उत्तर १६ इंच, म्हणजे सुमारे ४०६ मिमी, मध्यापासून मध्यापर्यंत. याचे पहिले कारण अगदी व्यवहारी आहे. प्लायवूडचा पत्रा ८ फूट बाय ४ फुटांचा येतो आणि ९६ इंचांचे १६ इंचांनी बरोबर सहा भाग होतात, ४८ इंचांचे तीन. त्यामुळे प्रत्येक पत्र्याची कड आपोआप पट्टीच्या मध्यावर येते आणि कोणताही सांधा अधांतरी राहत नाही. अंतर १५ किंवा १८ इंच धरले की एक तर पत्रा कापून वाया घालवावा लागतो, नाहीतर सांध्याखाली वेगळा तुकडा बसवावा लागतो. घाईच्या कामात तो तुकडा राहून जातो आणि वर्षभरात नेमका तिथेच पाय दबू लागतो.

दुसरे कारण समजण्यासाठी थोडे गणित पाहावे लागेल. दोन पट्ट्यांच्या मधोमध माणसाची टाच टेकली की होणारी लवण (प्लायचे खाली वाकणे) अंतराच्या घनाच्या प्रमाणात वाढते आणि प्लायवूडच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात कमी होते. म्हणजे १८ मिमी प्लाय २४ इंचांच्या अंतरावर जितका लवेल, साधारण तितकाच १२ मिमी प्लाय १६ इंचांवर लवेल, कारण दोन्हींत अंतर आणि जाडी यांचे गुणोत्तर तेच राहते. आता वजन पाहू. १४ फूट बाय ७ फुटांच्या फ्लोअरला १८ मिमी प्लाय, घनमीटरला ६५० किलो धरून, सुमारे १०६ किलो होतो आणि १२ मिमी सुमारे ७१ किलो. वाचलेल्या ३५ किलोंपैकी ४० × ४० × २ मिमी चौकोनी पाइपच्या चार जादा पट्ट्यांसाठी सुमारे २० किलो खर्च झाले, तरी १५ किलो हातात उरतात.

याचा अर्थ १२ मिमीच वापरावा असा नव्हे. त्याच हिशोबाने पातळ प्लायवरचा ताण दीडपट होतो आणि फर्निचरचे स्क्रू त्यात कमी पकड घेतात. म्हणून आम्ही चालण्याच्या जागेत १८ मिमी आणि पलंगाखाली व पेट्यांखाली १२ मिमी वापरतो आणि जिथे कपाट किंवा ओटा फ्लोअरला बोल्ट करायचा, तिथे खालून लोखंडी पट्टी देतो. प्लायची पातळी वेगवेगळी होऊ नये म्हणून पट्ट्यांची उंची आधीच ठरवून घ्यावी लागते. फ्लोअर बसवण्याच्या दिवशी हे आठवून उपयोग नसतो.

प्लाय बसवताना त्याच्या वरच्या थराचे रेषे पट्ट्यांना काटकोनात जावेत, म्हणजे पत्र्याची लांब बाजू पट्ट्यांवर आडवी पडावी. रेषांच्या दिशेने प्लाय अधिक ताठ असतो. हे सर्व सुतारांना माहीत असते, तरी पत्रा वाचवण्याच्या नादात एखादा तुकडा उलटा बसतोच.

बॉडी चॅसीपेक्षा रुंद असल्यास बाहेरच्या भागाला आधार कसा द्यावा?

मुख्य दांडे साधारण चार-साडेचार फुटांच्या अंतरावर असतात आणि बॉडी सात फूट रुंद असते, त्यामुळे दोन्ही बाजूंना सव्वा-दीड फूट फ्लोअर दांड्याच्या बाहेर लटकतो. गंमत अशी की ट्रेलरच्या भिंती आणि छप्पर यांचे सगळे वजन या लटकत्या कडेवरच येते. मधोमध फक्त माणसे चालतात. म्हणून दांड्याच्या बाहेर हातासारखे ब्रॅकेट काढावे लागतात, ज्यांना आउटरिगर म्हणतात. दांड्याशी उंच आणि बाहेरच्या टोकाकडे निमुळता होत जाणारा त्रिकोणी आकार त्यांना योग्य, कारण ताण दांड्यापाशी सर्वाधिक आणि टोकाशी जवळजवळ शून्य असतो. टोके एका लांब अँगलने (L आकाराच्या लोखंडी पट्टीने) जोडली की भिंतीला सलग बैठक मिळते. दाराच्या दोन्ही बाजूंना आणि चाकांच्या कमानीच्या पुढे-मागे आउटरिगर असलाच पाहिजे, कारण तिथे अँगल सलग नसतो.

कोणते प्लायवूड घ्यावे?

आयएस ७१० या भारतीय मानकाचे, ज्याला बाजारात मरीन प्लाय म्हणतात. त्याचा गोंद उकळत्या पाण्याला टिकणारा असतो. परंतु गोंद टिकतो म्हणून लाकूड कुजत नाही असे समजू नये. कापलेली प्रत्येक कड, प्रत्येक भोक आणि पत्र्याची खालची बाजू इपॉक्सीने किंवा चांगल्या रंगाने बंद करणे हा कामाचा अर्धा भाग आहे. लोखंडी चेकर्ड प्लेट बरेचजण सुचवतात. ती जड, उन्हात तापणारी आणि थंडीत दवाने ओली होणारी आहे.

फ्लोअरमध्ये पाणी शिरते कुठून?

मी स्वतःसाठी एका वर्कशॉपमधून बांधून घेतलेल्या पहिल्या ट्रेलरचे उदाहरण देतो. दुसऱ्या पावसाळ्यानंतर दाराशेजारी टाच टेकली की व्हिनाइल किंचित खाली जाऊन वर यायचे. कोपरा उचलला तेव्हा आधी ओल्या गोणपाटाचा वास आला, मग काळा पडलेला प्लाय दिसला, ज्याचे थर भिजलेल्या वहीच्या पानांसारखे बोटाने सुटत होते. फ्लोअर पट्टीला धरून ठेवणारा स्क्रू पकडीशिवाय, नुसत्या चिमटीत वर आला. त्याचे डोके शाबूत होते आणि मधला भाग गंजून सुईएवढा उरला होता. मी दाराच्या चौकटीला दोष देऊन तिथे दोन ट्यूब सिलिकॉन भरले. पुढच्या जुलैत पुन्हा तेच. अखेर आतले पॅनेल काढल्यावर कळले की पाणी दारातून येतच नव्हते. चार फूट पुढच्या खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून ते भिंतीत शिरून तळाच्या पट्टीवरून वाहत येत होते आणि ट्रेलर मागे किंचित कललेला उभा असल्याने दारापाशी साचत होते. गळती एकीकडे, कूज दुसरीकडे, हा या कामातला नेहमीचा अनुभव आहे.

वाटा मुख्यतः चार. छपराचे व खिडक्यांचे सांधे, चाकांच्या कमानीतून उडणारा फवारा, आतले नळ व सांडपाण्याचे सांधे, आणि आतल्या बाष्पाचे थंड लोखंडावर होणारे पाणी. कोल्हापूर शहरात वर्षाला एक हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण तिथून सुमारे ५५ किलोमीटरवरच्या गगनबावड्यात तो पाच हजारांच्या वर जातो. कोकणात उतरायचे तर बहुतेकांची वाट त्या पट्ट्यातून किंवा आंबा घाटातून जाते. ओल्या रस्त्यावर तासाला साठच्या वेगाने फिरणारे चाक कमानीवर जे पाणी मारते ते पावसासारखे पडत नाही, पाइपने मारल्यासारखे बसते. म्हणून कमान आणि फ्लोअर यांच्या सांध्यावर आतून सिलंट लावून भागत नाही. कमानीचा पत्रा फ्लोअरच्या कडेखाली उतरला पाहिजे.

हेच तत्त्व भिंतीलाही लागू आहे. कौलारू घराची पागोळी भिंतीपासून लांब पडावी म्हणून आपण वळचण पुढे काढतो; तसेच ट्रेलरच्या भिंतीचा बाहेरचा पत्रा फ्लोअरच्या कडेच्या किमान एक इंच खाली यावा, म्हणजे ओघळ प्लायच्या कडेला न शिवता जमिनीवर पडेल. भिंत फ्लोअरवर ठेवून पत्रा वरच संपवला, तर ती कड पाणी शोषतच राहते आणि कोणतेही सिलंट तिला कायमचे वाचवू शकत नाही.

कुजलेला भाग वरून कसा ओळखावा?

अनवाणी चालावे, बुटापेक्षा तळव्याला लवण लवकर कळते. हातोडीच्या दांड्याने ठोकत जावे, कोरडा प्लाय खणखणीत वाजतो आणि भिजलेला बद्द. खालून टोच्याने कडा टोचून पाहाव्यात. ओलावा मोजण्याचे यंत्र मिळाल्यास उत्तम: लाकडातील ओलावा २० टक्क्यांच्या खाली राहिला तर कुजवणारी बुरशी सहसा वाढत नाही. जुना ट्रेलर विकत घेताना मागचे दोन कोपरे, दार आणि सिंकखालची जागा एवढे तपासले तरी बहुतेक सत्य बाहेर येते.

परदेशी ट्रेलरमध्ये फ्लोअर कसा असतो? आपण तो जसाच्या तसा का घेऊ नये?

अमेरिकेतल्या एअरस्ट्रीम कंपनीच्या जुन्या ट्रेलरमध्ये प्लायवूडचा फ्लोअर लोखंडी चॅसी आणि ॲल्युमिनियमची बॉडी यांच्यामध्ये सँडविचसारखा दाबून बोल्ट केलेला असे. म्हणजे फ्लोअर हा बॉडी आणि चॅसी यांना जोडणारा दुवाच होता. मागच्या बाजूला गळतीने प्लाय कुजला की बॉडी चॅसीपासून सुटून वरखाली हलू लागे आणि दुरुस्तीसाठी आतले बरेचसे सामान काढावे लागे. युरोपात हलक्या गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा थर दिलेल्या) चॅसीवर पातळ प्लाय, मध्ये फोम आणि पुन्हा पातळ प्लाय असे चिकटवलेले पॅनेल ठेवतात. तिथे फ्लोअर स्वतःच ताठपणा देतो, म्हणून खाली लोखंड कमी लागते. त्यात थर आणि फोम सुटे झाले की चालताना करकर आवाज येतो व फ्लोअर स्पंजासारखा लागतो; त्यावर वरून ओळीने छिद्रे पाडून इपॉक्सी भरण्याची आणि वजन ठेवून पुन्हा चिकटवण्याची पद्धत तिथे रूढ आहे.

अशा पॅनेलला कारखान्यातला दाब आणि मोजून लावलेला गोंद लागतो. हाताने गोंद पसरून वर वाळूची पोती ठेवून केलेले पॅनेल आम्ही पाहिले आहे आणि ते उकलतानाही पाहिले आहे. आपल्याकडे मिस्त्री लोखंडाचा उत्तम मिळतो, चिकटवण्याचा नाही. त्यामुळे पट्ट्या आणि प्लाय हीच रचना इथे शहाणपणाची वाटते.

फ्लोअरखाली इन्सुलेशन घालावे का?

महाबळेश्वरला डिसेंबरात राहायचे असेल तर घालावे, अन्यथा त्याचा मुख्य फायदा रस्त्याचा आवाज आणि उन्हात तापलेल्या जमिनीची धग कमी होणे हा आहे. काचलोकर वापरू नये, ती भिजली की वाळत नाही. एक्सपीएसचे (दाट, कडक फोमचे) बोर्ड पाणी फारच कमी शोषतात; ते पट्ट्यांमध्ये घट्ट बसवून कडा फोमने भराव्यात. खालून सलग पत्रा मारून सगळे बंद करण्याचा मोह होतो, पण एकदा आत शिरलेले पाणी अशा पोटात महिनोन्महिने राहते. आम्ही खालची बाजू उघडी ठेवतो. ज्यांना पत्रा हवाच असतो त्यांच्यासाठी प्रत्येक गाळ्याच्या सर्वांत खालच्या कोपऱ्यात निचऱ्याचे छिद्र ठेवतो.

पाण्याची टाकी आणि बॅटरी कुठे असावी?

शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, आणि तेही हलणारे. टाकी एक्सलच्या जवळ असावी, म्हणजे भरली-रिकामी झाली तरी हुकावरचा भार फारसा बदलत नाही. अमेरिकेत एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हुकावर ठेवतात, युरोपात साधारण ५ ते ७ टक्के. मागे जास्त वजन गेल्यास ट्रेलर वेगात डोलू लागतो. टाकी प्लायवर किंवा प्लायला लटकवून ठेवू नये. तिच्यासाठी अँगलची स्वतंत्र चौकट मुख्य दांड्यांना जोडावी आणि तळ पूर्ण टेकेल असा पत्रा द्यावा. नुसत्या दोन पट्ट्यांवर ठेवलेल्या प्लास्टिकच्या टाकीचे पोट मध्ये सुटते.

ॲल्युमिनियमची चौकट लोखंडी चॅसीवर बसवता येते का?

येते, पण दोन धातू थेट टेकू देऊ नयेत. मध्ये ओल आली की ॲल्युमिनियम झपाट्याने खाल्ले जाते, आणि मालवण-गणपतीपुळ्याच्या खाऱ्या हवेत तर अधिकच. मध्ये रबराची पट्टी आणि रंग हवा. तांबेयुक्त औषध मारलेले लाकूडही ॲल्युमिनियमला लागू देऊ नये. शिवाय ॲल्युमिनियम लोखंडाच्या एकतृतीयांश वजनाचे असते, तसा त्याचा ताठपणाही एकतृतीयांशच असतो; त्याच मापाची पट्टी बदलून टाकली तर फ्लोअर डुगडुगणार.

चॅसीला रंग पुरेसा आहे की गॅल्व्हनाइज करावी?

परवडत असेल तर गॅल्व्हनाइज करावी, मात्र सगळे वेल्डिंग आणि भोके पूर्ण झाल्यावरच. बॉक्स पाइपला दोन्ही टोकांना हवेची छिद्रे हवीतच, कारण सुमारे ४५० अंश तापलेल्या जस्तात बंद पाइप बुडवल्यास आतल्या ओलाव्याची वाफ होऊन तो फुटू शकतो. रंगच द्यायचा असल्यास नुसत्या रेड ऑक्साइडवर थांबू नये. झिंक प्राइमर आणि वर इपॉक्सीचे दोन हात द्यावेत आणि प्लाय बसण्यापूर्वी पट्ट्यांची वरची बाजू रंगवावी. ती नंतर कधीच दिसत नाही.

कुजलेला तुकडा बदलायचा असल्यास किती कापावे?

कूज संपते तिथे नव्हे, तर त्यापलीकडच्या पट्टीच्या मध्यावर कापावे, म्हणजे नवीन आणि जुना पत्रा दोन्ही लोखंडावर टेकतील. दुसऱ्या दिशेच्या सांध्याखाली आडवा तुकडा द्यावा. भिंतीखालचा फ्लोअर काढायचा असेल तर आधी भिंत टेकूंवर घ्यावी. आणि गळती सापडेपर्यंत नवीन प्लाय बसवू नये. माझे सिलिकॉनचे दोन ट्यूब वर आलेच आहेत.

परवान्यासाठी काय करावे?

बांधकाम सुरू करण्यापूर्वी नकाशा, अंदाजे वजन आणि ओढणाऱ्या गाडीची कागदपत्रे घेऊन आरटीओकडे जावे. बांधून झाल्यावर बदल करणे महागात पडते.

उभा करताना जॅक कुठे लावावा?

चारही कोपऱ्यांतले स्टँड ट्रेलर डुलू नये म्हणून असतात, उचलण्यासाठी नव्हे. त्यांच्यावर ट्रेलर उचलला की चॅसी पिळली जाते, दार अडकू लागते आणि फ्लोअरचे स्क्रू उपटतात. चाक बदलायचे असल्यास कमानपाट्याच्या बैठकीजवळ, मुख्य दांड्याखाली लाकडाचा ठोकळा ठेवून जॅक लावावा. मुक्कामात ट्रेलर पुढे-मागे किंचित कलता ठेवायचा असेल तर दार वरच्या अंगाला राहील असा कलवावा.